नाव काढणे

“बाई, इथे सात ओळी होत्या,” समीना म्हणाली. “तुम्ही एकच ठेवलीत.”

“सातांचं काम एकीत होत असेल तर बाकीच्या सहा कशाला?” मी लाल पेनाला टोपण लावलं.

ट्रस्टच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात, जिन्याखालच्या खोलीत आम्ही बसलो होतो. समीना मुजावर आमच्याच गावची, पुण्यात संगणकाचं काम करायची. केसपेपरच्या खिडकीवर बसणारी शालन माने चहा घेऊन आली होती आणि दाराशी रेंगाळली होती. दोघीही माझ्या विद्यार्थिनी. चौतीस वर्षं मी हायस्कुलात मराठी शिकवलं. निवृत्त होऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती, पण गावात मला अजून नुसतं ‘बाई’ म्हणत.

हॉस्पिटलात फोन फार यायचे. मोतीबिंदूची शिबिरं फुकट, त्यामुळे चाळीस-पन्नास खेड्यांतून चौकशा. एकट्या शालनला ते आवरेना. म्हणून समीनाने एक मदतनीस बसवून दिला. माणूस नव्हे, संगणकातला. फोन तोच उचलायचा, बाईच्या आवाजात बोलायचा, आणि बोलता बोलता कामंही उरकायचा. समीना त्याला एजंट म्हणाली तेव्हा शालन हसली होती. “आमच्यात एजंट म्हंजे विम्याचा. आला की लोक मागच्या दारानं पळत्यात.”

त्या एजंटाला कामासाठी साधनं दिलेली होती. नाव नोंदवणे, नाव शोधणे, तारीख बदलणे, अशी नऊ. प्रत्येक साधनाचं वर्णन मराठीत लिहायचं होतं. ते लेखन ट्रस्टचे कार्यवाह आरवाडे यांनी माझ्याकडे सोपवलं होतं. “भाषेत सोहोनीबाईंचा शब्द अखेरचा,” असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि मला ते आवडलं होतं.

“त्याला अवजार दिसत नाही, बाई,” समीना सांगत होती. “अवजारावरची चिठ्ठी तेवढी दिसते. कोणतं कधी उचलायचं, हे तो चिठ्ठी वाचून ठरवणार. म्हणून मी लिहिलं होतं की काय होतं, केव्हा वापरायचं, केव्हा वापरायचं नाही, झालेलं परत फिरवता येतं का...”

“पाल्हाळ,” मी म्हणाले.

माझ्या वर्गातला तो आवडता शब्द होता. सारांशलेखन शिकवावं तर सोहोनीबाईंनी, असं म्हणत. उतारा एक तृतीयांश झाला पाहिजे. एक शब्द जास्त झाला तर मी अर्धा गुण कापत असे. समीनाच्या सात ओळी खोडून मी लिहिलं होतं: ‘नाव काढणे : रुग्णाने सांगितल्यास यादीतून त्याचे नाव काढावे.’

“निदान एवढं तरी राहू दे,” समीना म्हणाली, “की नाव गेलं की परत येत नाही. त्याच्या जागी पुढचा माणूस आपोआप येतो.”

“काढणे म्हणजे काढणे. मराठी माणसाला कळतं.”

“पण हे वाचणारा मराठी माणूस नाहीये, बाई.”

“मग त्याने शिकावं.”

दाराशी शालनने कप खाली ठेवले.

“बाई, एक बोलू का?”

“बोल.”

“आमच्यात नाव काढा म्हंजे निस्तं नाव बघा, असंबी म्हणत्यात. खिडकीवर रोज येत्यात की बायका. ‘ताई, माजं नाव काढा, कितवा नंबर हाय?’ म्हंजे यादीत हुडकून सांगा. पुसून टाका असं न्हवं. त्या मशीनला समजंल का ते?”

मी तिच्याकडे पाहिलं. नववी ब, तिसरा बाक. तिच्या वहीत माझी लाल शाई तिच्या निळ्या शाईपेक्षा जास्त असायची.

“शालन, म्हणत्यात नव्हे. म्हणतात.”

समीनाने मान खाली घातली. शालन हसली, पण ते हसू तिघींच्या चहाच्या कपांसारखं खोलीतच राहिलं. ती रिकाम्या हाताने बाहेर गेली.

“त्या म्हणतात त्यात अर्थ आहे,” समीना हळूच म्हणाली.

“खेडवळ बोलीवर वाक्यं लिहायला लागलो तर नऊ साधनांची नव्वद पानं होतील. माझं वाक्य राहू दे.”

वाक्य राहिलं. समीनाने नऊही वर्णनं संगणकात भरली. एक पान मला उघडून दिलं, पुढेमागे दुरुस्ती करायची झाली तर माझी मला करता यावी म्हणून. खिडकीवरच्या संगणकावरही ती वर्णनं दिसायची सोय केली, आणि ती पुण्याला गेली.

दोन महिने सुरळीत गेले. आरवाडे येईल त्याला सांगायचे, “आमचा एजंट काय शुद्ध बोलतो, ऐका!” फेब्रुवारीत माझा सत्कार करायचं ट्रस्टने ठरवलं.

जानेवारीतल्या एका सोमवारी शिबिर होतं. मी शिबिराला जात असे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना संमतीचा कागद वाचून दाखवायला. सकाळी नऊला खिडकीपाशी गलका ऐकू आला. एक म्हातारी उभी होती, हिरवं इरकल नेसलेली, केस अजून ओले. शस्त्रक्रियेच्या दिवशी डोक्यावरून आंघोळ करून यायला सांगतात, तशी ती पहाटेच न्हाऊन एसटीने आली होती. हौसाबाई खोत. तिचा डावा डोळा लहानपणी देवीत गेलेला, आणि उजव्यात मोतीबिंदू पिकलेला.

“यादीत नाव न्हाई तुमचं, आजी,” शालन सांगत होती. “गेल्या आठवड्यात हुतं. मीच लिवलंवतं.”

“मग गेलं कुटं?”

आरवाडे आले. संगणकात पाहिलं. शुक्रवारी दुपारी तीन वाजता नाव काढल्याची नोंद होती. कुणी काढलं याच्या रकान्यात ‘खिडकी १’. एजंटाचं काम खिडकीच्याच नावाने नोंदलं जायचं, हे आरवाड्यांना ठाऊक नसावं. मला होतं. समीनाने सांगितलं होतं. हौसाबाईच्या जागी आपोआप वर सरकलेला रुग्ण होता शालनच्या सासरच्या गावचा एक माने.

“तुझा कोण हा?” आरवाड्यांनी विचारलं.

“भावकीतला हाय. पर मी न्हाई काढलं नाव, साहेब.”

“मग कुणी काढलं?”

“मशीननं काढलं असंल.”

“मशीनला काय भावकी आहे?”

लोक हसले. हौसाबाई आवाजाच्या दिशेने वळली. “आवं, मी शुक्रवारी फोन केलता की. पोरगी बोलली माज्याशी. ग्वाड बोलली. म्हनली, नाव निघालं.”

“ऐकलंस?” आरवाडे म्हणाले. “पोरगी म्हणतात.”

शालनने माझ्याकडे पाहिलं. मी संमतीचे कागद एकसारखे करत होते.

त्या दिवशी तरी हौसाबाईची शस्त्रक्रिया व्हावी म्हणून डॉक्टरांना विचारलं. पण भिंगं यादीप्रमाणे, ज्याच्या त्याच्या नंबराची मागवलेली होती. तिचं आलंच नव्हतं. पुढचं शिबिर दीड महिन्याने. तिला परत एसटीत बसवून द्यायला शालनच गेली. म्हातारीने तिचा हात धरला होता. आपलं नाव हिनेच कापलं, असं आत्ताच चारचौघांत ठरलंय, हे म्हातारीला उमगलं नव्हतं, की उमगूनही धरला होता, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी आरवाड्यांनी मला बोलावलं. “बाई, फोनची रेकॉर्डिंगं असतात म्हणे. शुक्रवारची तेवढी ऐका. मशीनकडून काही झालं असेल तर कळू दे. विनाकारण कुणाच्या पोटावर पाय नको. तुम्ही म्हणाल ते अखेरचं.”

जिन्याखालच्या खोलीत मी कानाला ऐकायचं यंत्र लावून बसले. तीनच्या सुमाराचे फोन लावले, त्यातला चौथाच तिचा होता.

“कोन बोलतंय? हास्पिटल का? मी हौसाबाई खोत. सोमवारच्या यादीतनं माजं नाव काढ की जरा, बाई.”

“आपण हौसाबाई खोत. सोमवारच्या यादीतून आपले नाव काढायचे आहे. बरोबर?”

“व्हय, व्हय. काढ.”

“आपले नाव काढले आहे.”

“निघालं न्हवं?”

“हो, नाव निघाले आहे.”

“लई झ्याक. गुनाची पोर गं. देव तुजं भलं करू.”

“धन्यवाद. नमस्कार.”

मी ते तीनदा ऐकलं. दोघींचंही मराठी बरोबर होतं. एकीने विचारलं, दुसरीने केलं, दोघींचं समाधान झालं, आणि एका डोळ्याच्या बाईची जागा गेली. एजंटाने तर उलटून विचारलंही होतं. पण माझ्याच शब्दात विचारलं. दुसरा शब्द त्याला मी दिलाच नव्हता.

कानाचं यंत्र काढलं तेव्हा खिडकीवरून शालनचा आवाज येत होता. “नाव काय आजोबा? थांबा, काढते.” आणि कागद उलटल्याचा आवाज.

मी दुरुस्तीचं पान उघडलं. भराभर लिहिलं. ‘नाव कमी करणे : रुग्णाला शस्त्रक्रियाच नको असेल तरच हे वापरावे. एकदा गेलेले नाव परत येत नाही. त्या जागी पुढचा रुग्ण येतो. आमच्या भागात “नाव काढा” म्हणजे “नाव यादीत शोधून सांगा” असेही म्हणतात. तसे असेल तर हे वापरू नये, “नाव शोधणे” वापरावे. आधी विचारावे : नाव यादीत बघायचे आहे, की शस्त्रक्रियाच नको आहे?’

इतकं पाल्हाळ मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. ते जतन केलं आणि वर पाहिलं तर दारात आरवाडे.

“ऐकलंत?”

“ऐकलं.”

“मग? काही चूक सापडली का? तुमच्या वाक्यात, किंवा त्या मशीनच्या?”

मला अजून आठवतं, त्यांच्या हातात निमंत्रणपत्रिकेचा नमुना होता. माझं नाव जाड अक्षरात छापलेलं. त्यावरचं शुद्धलेखन तपासून घ्यायला तो आणला होता.

“व्याकरणाची एकही चूक नाही,” मी म्हणाले.

शब्दाशब्दाने खरं होतं ते.

आरवाड्यांनी सुस्कारा टाकला. “वाटलंच मला. अकरा वर्षं खिडकीवर बसलीय हो. माणसाचं काही सांगता येत नाही.” आणि नमुना माझ्यापुढे ठेवला. मी त्यातली एक वेलांटी दुरुस्त केली.

शनिवारी शालनचा शेवटचा दिवस होता, असं मी नंतर ऐकलं. त्या आठवड्यात मी हॉस्पिटलात गेले नाही. सर्दी झाल्याचं कळवलं. मध्येच समीनाचा फोन आला.

“बाई, वर्णन वाढवलंत! फार छान केलंत. काही झालं होतं का?”

“नाही गं. सहज वाचताना वाटलं.”

रेकॉर्डिंगं तीस दिवसांनी आपोआप पुसली जात. तिसाव्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा हलकं वाटेल अशी माझी अपेक्षा होती. नाही वाटलं.

सत्कार झाला. शाल, श्रीफळ, पेढ्यांचा पुडा. आरवाडे भाषणात म्हणाले, “सोहोनीबाई, तुम्ही आपल्या गावाचं नाव काढलंत!” टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून बसले होते आणि लोकांना तो विनय वाटला. मार्चमध्ये हौसाबाईचा डोळा झाला. त्या वेळी तिच्या उजव्या हाताला मनगटापासून फडकं गुंडाळलेलं होतं. अंदाजाने भाकरी उलटताना हात चुलीत गेला होता. पट्टी सुटल्यावर ती खिडकीकडे बघून विचारत होती, “ती पोरगी कुटं हाय? मला तिला बघायचंय.” खिडकीवर दुसरीच कुणी होती. मी आतल्या दाराने निघून आले.

त्याला सात वर्षं झाली. आरवाडे आता नाहीत. समीना परदेशात असते. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, आणि गेल्या श्रावणात मला स्वतःला अक्षरं दोन-दोन दिसायला लागली. शिबिरात नाव नोंदवलं होतं, तारीख आठवेना, म्हणून हॉस्पिटलला फोन लावला. घाईत, आणि वयामुळे म्हणा, तोंडातून निघून गेलं, “जरा माझं नाव काढा हो.”

पलीकडून तोच आवाज आला. “नाव यादीत बघायचे आहे, की शस्त्रक्रियाच नको आहे?”

मी फोन ठेवून दिला. ते वाक्य माझं नव्हतं. जिन्याखालच्या खोलीत, दाराशी उभं राहून, कप खाली ठेवून कुणीतरी मला ते फुकट दिलं होतं.

शालनचा पत्ता काढायला दोन दिवस लागले. एसटी स्टँडच्या मागच्या आळीत ती डबे करून द्यायची. मी गेले तेव्हा ओट्याशी उभी राहून भाकऱ्या थापत होती. केस पांढरे झाले होते. मला बघून दचकली नाही.

“या बाई. बसा त्या खुर्चीवर. पंख्याखाली नगं, पीठ उडतंय.”

“शालन, मला तुला एक सांगायचं आहे.”

“सांगा की. पर तव्यावर भाकरी हाय. एक तृतीयांशात सांगा.”

मी सगळं घोकून आले होते, पण तोंडातून एवढंच आलं. “हौसाबाईचं नाव माझ्या वाक्याने गेलं. मला कळलं होतं. मी बोलले नाही.”

तिने भाकरी उलटली. फुगेपर्यंत बघत राहिली.

“मला म्हाईत हाय,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“शनिवारपास्नं. शेवटच्या दिवशी नव्या पोरीला खिडकीचं काम दावत हुते. मशीनवर बघितलं तर एका ओळीचं वाक्य हातभर झालेलं. वाचलं, तर त्यात मीच बोलतीया.” ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. “फक्त ‘आमच्यात’चं तुम्ही ‘आमच्या भागात’ केलंवतं.”

“मग तू आरवाड्यांना सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं की. म्हनलं, साहेब, बाईंनी वाक्य बदललंय, बघा तरी. ते म्हनले, बाईंनी सुधारलं असंल. तुज्यासारखं बिघडवलं नसंल.” तिने पिठाचा हात पदराला पुसला. “मग म्हनलं, जाऊ दे. बाई हायत, येतील, सांगतील. एक वरीसभर रोज वाटायचं, आज येतील. मालकांना गावात तोंड दाखवायची लाज वाटायची. पोरीचं लगीन ठरत हुतं, त्या लोकांनी इचारलं, हास्पिटलातनं काढून टाकलं ती हीच का? मोडलं ते. पुढच्या साली दुसरीकडं झालं. बरं चाललंय तिचं.”

मी उठून ओट्याशी गेले.

“आता कुणाकडे जाऊ ते सांग,” मी म्हणाले. “तू म्हणशील तिथे येऊन बोलते.”

“मला कशाला सांगताय, मला म्हाईतच हाय. ज्यांना म्हाईत न्हाई त्यांना सांगा. ल्ह्या कुटंतरी, तुम्हाला येतंय की ल्ह्यायला.” मग जरा थांबून, “आन् समदं ल्ह्या. कापू नगा.”

भाकरी टोपल्यात पडली. तिने दुसरा गोळा घेतला.

“डबा लागतोय का तुम्हाला? डोळं करणार असं ऐकलंय, म्हंजे आठ दिवस चुलीपुढं जाता यायचं न्हाई.”

“लागेल.”

“सोमवारपास्नं?”

“सोमवारपासून.”

“तिखट कमी?”

“कमी.”

तिने कोनाड्यातली वही घेतली, पेन्सिलीने माझं नाव घातलं. इतक्यात दारातून खाकी शर्टातला एक ड्रायव्हर डोकावला. “शालनताई, माजं नाव काढा की जरा! रविवारचा डबा नको म्हनून सांगितलंय का मी?”

शालन वही हातात धरून उभी राहिली. माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे, वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी बघते तसं. मग ड्रायव्हरला म्हणाली, “थांबा. काढते.”

तिने पान उलटलं, पिठाचं बोट ओळीओळीवरून खाली आणलं, आणि नाव काढलं.